अन्नाच्या विज्ञानाची जत्रा आपल्या शिवारात भरू द्या



२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून पाळले. ठराव भारताने मांडला, बहात्तर देशांनी त्याला पाठिंबा दिला आणि मार्च २०२१ मध्ये आमसभेने तो मंजूर केला. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने भरडधान्यांना 'श्री अन्न' असे नवे नावही देऊन टाकले. मग शहराशहरांतून महोत्सव भरले. मांडव पडले, फिती कापल्या गेल्या. ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे लाडू, ज्वारीच्या शेवया टेबलांवर मांडल्या गेल्या. टेबलामागे फलक आणि फलकावर प्रथिनांचे, तंतूंचे, लोहाचे आकडे. ज्या भाकरीला 'गरिबाचे खाणे' म्हणून दोन पिढ्यांनी नाक मुरडले, तिचेच गोडवे डॉक्टरमंडळी गाऊ लागली.

शहरातल्या माणसाने ज्वारी खावी, आवडीने खावी आणि रास्त पैसे मोजून खावी, यात आमचे नुकसान काहीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की या महोत्सवांत विज्ञान अर्धे सांगितले गेले. दाणा पोटात गेल्यावर काय होते ते सांगितले. दाणा ताटात येईपर्यंत काय होते, तो काळा का पडतो, त्याचे पीठ कडू का होते, आणि पोषणाच्या तराजूत एवढा जड ठरलेला दाणा बाजाराच्या काट्यावर हलका का होतो, हे कोणी सांगितले नाही. अर्धे सांगितलेले विज्ञान म्हणजे जाहिरात. उरलेले अर्धे जिथे घडते तिथेच ते सांगितले पाहिजे. ती जागा म्हणजे आपले शिवार, आपली चूल आणि आपले खळे. म्हणून अन्नाच्या विज्ञानाची जत्रा गावात भरली पाहिजे आणि ती आपणच भरवली पाहिजे.

जत्रा आपल्याकडे आहेच

लातूर, धाराशिव आणि आसपासच्या तालुक्यांना हे नवे सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीच्या दिवशी, गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. रब्बीची ज्वारी उभी असते. कडब्याची कोप करून पूजा मांडतात आणि येईल त्याला बसवून जेवू घालतात. ताटात काय असते? ज्वारीची आंबील, हिरव्या दाण्यांची आणि पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर.

हे ताट पोषणशास्त्राच्या माणसापुढे ठेवा. तो सांगेल की ज्वारीच्या दाण्यात फायटेट नावाचे द्रव्य असते आणि ते लोह धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. आंबील आंबवली की ती पकड सैल होते. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा घटक कमी पडतो. तूर, हरभरा, वाल यांत तो भरपूर असतो, म्हणून भज्जीने आंबिलीची उणीव भरून निघते. आपल्या आज्यांनी लायसीनचे नाव ऐकले नव्हते, पण पिढ्यान् पिढ्यांच्या जेवणातून त्यांनी ही जोडी जुळवली.

विदर्भातला कापूसवाला म्हणेल, आमच्याकडे येळवस नाही. नसू द्या. हुरडा आहे. दाणा दुधातून निघून मऊ झालेला असतो, त्यातल्या साखरेचे पिठात रूपांतर पुरते झालेले नसते, म्हणून हुरडा गोड लागतो. चार दिवस उशीर झाला की गोडी गेली. आगटीत कणीस भाजणाऱ्याला तो नेमका दिवस कळतो. शहरातली गिऱ्हाइके आता माणशी पैसे मोजून हुरडा खायला शेतावर येतात. तोंडाला चव असेल तर माणूस शिवारापर्यंत चालत येतो, हे त्यातून दिसले आहेच.

खोटी वाहवा नको

जत्रा आपली असेल तर पहिला नियम असा, की आपल्या पिकाचीही खोटी वाहवा करायची नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिने साधारण दहा ग्रॅम, तंतू दहा ग्रॅम, लोह चार मिलिग्रॅम. पांढऱ्या तांदळात प्रथिने आठ, तंतू तीनच्या आत, लोह एकाच्याही आत. तांदळापुढे ज्वारी सरस आहे, यात शंका नाही. पण कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे आकडे ज्वारीच्या जवळपासच आहेत. आणि 'भरडधान्यात कॅल्शियमच कॅल्शियम' असे जे फलकावर लिहितात ते नाचणीबद्दल खरे आहे. नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, ज्वारीत तिसाच्याही आत. नाचणीचे श्रेय ज्वारीला देऊन ज्वारी विकू नये. गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा येत नाही.

याहून कडू गोष्टही सांगितली पाहिजे. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया या हैदराबादच्या पोषण संशोधकांनी दख्खनच्या पठारावरल्या गोरगरिबांत आढळणाऱ्या एका रोगाचा अभ्यास केला. त्याचे नाव पेलाग्रा. मानेवरची, हातापायांवरची उन्हात राहणारी कातडी काळी पडून सोलते, हगवण लागते, पुढे डोक्यावरही परिणाम होतो. नायसिन नावाचे जीवनसत्त्व शरीराला कमी पडले की हा रोग होतो, आणि रोगी प्रामुख्याने ज्वारी खाणारे होते. ज्वारीतल्या ल्युसीन नावाच्या घटकाकडे या शास्त्रज्ञांनी बोट दाखवले. त्या कारणाबद्दल पुढे मतभेद झाले. पण एवढे खरे की ज्यांच्या ताटात डाळ, दूध, शेंगदाणा यांतले काही नव्हते, रोज नुसती भाकरीच होती, त्यांना तो झाला.

यातून आम्ही ज्वारीला दोष देत नाही. भाकरीबरोबर कालवण लागते आणि कालवणाला पैसे लागतात, एवढाच याचा अर्थ. शेंगदाण्यात नायसिन चांगले असते. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर वरण आले की चित्र पालटते. पण ज्याच्या ज्वारीला भाव नाही, ज्याचे दूध डेअरीला जाते आणि तूर देणे फेडायला जाते, त्याने वरण आणायचे कुठून? ज्याला शेतीमालाच्या भावाचा प्रश्न ताटातल्या पोषणापासून वेगळा वाटतो, त्याला पेलाग्राची गोष्ट जरूर सांगा.

हायब्रीड, मिलो आणि काळा दाणा

जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. रोजगार हमीची कामे, सुकडी आणि रेशनवर आलेली लाल 'मिलो'. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. मिलो म्हणजे दुसरे तिसरे काही नव्हते, ती अमेरिकेतली ज्वारीच होती. ज्वारीच्या मुलखाला परक्या ज्वारीसाठी हात पसरावा लागला.

त्याच्या आठ वर्षे आधी, १९६४ साली, सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले होते. गावाने त्याला नुसते 'हायब्रीड' म्हटले आणि आजही खरिपाच्या ज्वारीला अनेक जण हायब्रीडच म्हणतात. उतारा वाढला, ताट बुटके झाले, पोती भरली. पण एक गोष्ट बिघडली. जुनी उंच ज्वारी दिवसमान पाहून उशिरा निसवायची, पाऊस निघून गेल्यावर तिचा दाणा भरायचा. हायब्रीड लवकर पक्व होऊ लागली. भरला दाणा पावसात भिजला, त्यावर बुरशी चढली, दाणा काळा पडला. बाजाराने त्याला जनावराचा माल ठरवले. रब्बीची मालदांडी ३५-१ सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेली. तिचा दाणा कोरड्या हवेत भरतो, म्हणून मोत्यासारखा राहतो आणि भाव खातो. खरिपाच्या शेतकऱ्याचा आळस किंवा निष्काळजीपणा यात कुठेच नाही. पीक आणि पाऊस यांचे वेळापत्रक चुकले, एवढेच. हे विज्ञान व्यापाऱ्याच्या ओट्यावर कोणी सांगत नाही. तिथे फक्त दाणे तळहातावर घेतात, नाक मुरडतात आणि भाव पाडतात.

पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. १९६० च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आज ती तिच्या एक तृतीयांशही राहिलेली नाही. रानडुकरे, पाखरे, काढणीला न मिळणारी माणसे ही कारणे खरी आहेत. पण रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू आणि तांदूळच आले, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळू लागले, हेही कारण आहे. श्री अन्नाचा गजर आणि फुकट गव्हा-तांदळाची सुरुवात एकाच वर्षी झाली. एका हाताने आरती आणि दुसऱ्या हाताने बाजार मोडायचा, असा हा प्रकार.

कापूसही अन्नच

कापसाच्या पट्ट्यातले आमचे भाऊ विचारतील, या जत्रेत आमचे काय काम? आम्ही सांगतो, पुष्कळ काम आहे. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, थोडी घट जाते आणि बाकीची साठ किलोंहून जास्त सरकी असते. त्या सरकीत नऊ-दहा किलो तरी तेल असते. ढेप दुभत्या जनावराच्या पुढ्यात जाते आणि दूध होऊन माणसाच्या पोटात येते. कापूसवाला वजनाने पाहिला तर अंगावरच्या कपड्यापेक्षा अन्नच जास्त पिकवतो.

सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. कच्च्या तेलाचा काळपट रंग बराचसा त्याचाच. शुद्धीकरणात ते काढून टाकतात. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला ते बरेचसे झेपते, लहान वासरांना आणि कोंबड्यांना झेपत नाही. हे ज्ञान ढेप विकत घेणाऱ्या प्रत्येक घरात हवे. आणि हिशेबही हवा. कापसाचा भाव म्हटले की आपण रुईच्या गाठीकडेच पाहतो, पण सरकी आणि तेल यांच्या दराचा वाटाही त्या भावात असतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते. त्यावरची आयात जकात उतरवली की सरकीचा दर दबतो आणि सरकी दबली की कापूस दबतो. तेलाचा डबा स्वस्त झाल्याची बातमी वाचताना कापूसवाल्याने आपल्या पट्टीकडेही पाहावे.

जत्रा कशी असावी

तेलंगणात जहीराबादजवळ, बिदरच्या सीमेला लागून, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी २०००च्या सुमारास जुन्या पिकांची जत्रा सुरू केली. संघांतल्या बहुसंख्य बाया दलित, तुकड्या-तुकड्यांच्या कोरडवाहू जमिनीच्या मालकिणी. संक्रांतीला सजवलेल्या बैलगाड्या निघतात, गाड्यांत गाडग्या-टोपल्यांतून बियाणे असते, आणि महिनाभर त्या गावोगाव फिरतात. ज्या गावात मुक्काम, तिथे पिकांवर बोलणे होते. शास्त्रज्ञही येतात, पण पिकाबद्दल बाया बोलतात. या जत्रेमागे नुसता उत्साह नाही. १९९० च्या दशकात या संघांनी पडीक जमिनी वहितीला आणून, गावातच ज्वारी साठवून, गावातल्याच गरजूंना ती स्वस्तात देण्याची व्यवस्था उभी केली होती. काम आधी उभे राहिले आणि जत्रा त्यातून निघाली. २०१९ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. आपल्या सरहद्दीला लागून हे घडले, तशाच कोरड्या मातीत घडले.

आपली जत्रा त्यांची नक्कल नसावी. आमच्या मते ती एक दिवसाची, गावच्या खर्चाने आणि येळवस ते संक्रांत या दिवसांत असावी. तिच्यात निदान पाच जागा असाव्यात.

पहिली जागा चुलीची. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाच्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ धरते, तव्यावर वाफ कोंडते आणि पापुद्रा सुटतो. जुन्या पिठाला विरी राहत नाही आणि ते कडवट लागते, कारण दाण्याच्या अंकुरातले तेल दळल्यावर हवेशी गाठ पडून खवट होते. पुडीतले पीठ महिनोन्महिने टिकवायचे तर अंकुर काढावा लागतो किंवा पिठाला उष्णता द्यावी लागते. हे सारे करून दाखवणाऱ्या बायाच या जागेच्या अध्यापक. त्यांना व्यासपीठाखाली बसवायचे नाही.

दुसरी जागा खळ्याची. साठवणीच्या दाण्यात ओल शंभराला बारापेक्षा जास्त नको. यंत्र नसेल तर काचेची कोरडी बाटली घ्या, तिच्यात दाणे आणि कोरडे मीठ टाकून हलवा. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात ओल जास्त आहे, अजून ऊन द्या. शाळेतल्या पोरांना हा प्रयोग करू द्या. पोर घरी जाऊन बापाच्या कणगीवर करील.

तिसरी जागा गोठ्याची. पावसाने ताण दिल्यावर कोवळ्या ज्वारीत शिरलेले जनावर का मरते? कोवळ्या पानांतल्या द्रव्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत जनावर आत जाऊ देऊ नये. मोड आणलेल्या ज्वारीच्या कोंबांतही तेच द्रव्य असते. म्हणून मोडाचे पीठ करताना दाणे वाळवून कोंब चोळून काढावेत. अन्नाचे विज्ञान जीव वाचवते ते असे.

चौथी जागा बियाण्याची. गुळभेंडी, सुरती, मालदांडी आणि जे जे कोणाच्या घरात उरले असेल ते ते. शेजारीच विद्यापीठाची नवी वाणेही ठेवावीत. जुने म्हणून पूजा नको, नवे म्हणून लोटांगण नको. दोन्हींचा दाणा, कडबा, उतारा आणि भाकरी लोकांनी तपासावी. कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञाला जरूर बोलवा, पण भाषणाला नको. काळ्या दाण्याचे काय, रानडुकराचे काय, काढणीच्या यंत्राचे काय, या प्रश्नांना उत्तरे द्यायला बोलवा.

पाचवी जागा हिशेबाची आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. एक दोरी बांधा. दोरीच्या एका टोकाला ज्याने त्याने आपली बाजाराची पट्टी लावावी, भाव, हमाली, तोलाई, वाहतूक यांच्यासकट. दुसऱ्या टोकाला शहरातून आणलेली ज्वारीच्या पिठाची, बिस्किटाची, शेवयांची रिकामी पाकिटे लावा, छापील किमतीसकट. मध्ये सरकारी हमीभाव लिहा. संकरित ज्वारीचा हमीभाव २०२३-२४ ला क्विंटलला ३,१८० रुपये होता, २०२५-२६ ला तो ३,६९९ झाला, म्हणजे किलोला सदतीस रुपयांच्या आत. आपल्या पट्टीवर त्यातले किती उतरले ते शेजारी मांडा. भाषणाची गरज पडणार नाही. पाकिटातल्या बिस्किटात ज्वारी किती आणि मैदा किती, हेही पाकिटावरच छापलेले असते. ते पोरांकडून मोठ्याने वाचून घ्या.

'घर जळते आहे आणि जत्रा कसली?'

काही कार्यकर्ते म्हणतील, कर्जाचा हप्ता थकलेला, कापसाला भाव नाही आणि तुम्ही भाकरीचे विज्ञान सांगत बसता. प्रश्न रास्त आहे. जत्रेने कर्ज फिटणार नाही आणि आंदोलनाची जागाही जत्रा घेणार नाही. पण ज्याला आपल्या मालाचे गुण आणि दोष ठाऊक नाहीत, त्याच्या मालाची प्रत दुसरा ठरवतो आणि प्रत ठरवणाराच भाव ठरवतो. ओलीच्या नावाने कपात, काळ्या दाण्याच्या नावाने कपात, कापसात कवडीच्या नावाने कपात. हे सारे विज्ञानाच्या नावानेच चालते. त्या काट्यापुढे मान खाली घालून उभे राहायचे की 'किती टक्के ओल, मोजून दाखवा' असे विचारायचे, हे आपण ठरवायचे आहे.

या बैठकीला आलेल्या प्रत्येक तालुक्याने निदान एका गावाचे नाव आजच नोंदवावे. येत्या येळवशीपासून संक्रांतीपर्यंत त्या गावात जत्रा भरेल. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली ती दोरी, पट्ट्या आणि पाकिटे लावलेली तशीच, घेऊन यावी. सगळ्या दोऱ्या एकत्र बांधू आणि सभागृहात ताणून लावू. मग ज्याला ज्वारीचे गोडवे गायचे असतील त्याने त्या दोरीखाली उभे राहून गावेत.